फ्रान्सच्या गरिबांसाठी लुगडं

मी शिकलो तो माझ्या थोरल्या वहिनीमुळे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे ज्या लोकांबद्दल लिहायचं आहे त्यांच्यासाठी माझ्याजवळ चांगले शब्द फारसे नाहीत. जे थोडे आहेत ते योग्य जागी आधी पडलेले बरे.

आई गेली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो आणि वहिनी नुकती लग्न होऊन घरात आली होती. आमचं गाव पनवेल आणि उरणच्या मधे, खाडीच्या काठी. भात पिकायचं तेवढं पिकायचं, आणि दिवाळी झाली की पावसाळ्यापर्यंत घरातली मोठी माणसं मिठागरावर जायची. भाऊ जायचा, वहिनीही जायची. भरलेली पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालायचं, रिकामी करायची, परत फिरायचं. खाऱ्या पाण्याने तिच्या टाचांना भेगा पडत त्या भर पावसाळ्यातही मिटत नसत. गावातली शाळा संपली तेव्हा भाऊ म्हणाला, आता पोराला बरोबर नेऊ. वहिनी भाकऱ्या थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "यो नाय येणार मिठागरावर. याला पनवेलला घाल." भाऊ वाद घालणारा माणूस नव्हता. मी पनवेलच्या हायस्कुलात जाऊ लागलो.

पुढे मी इतिहास घेऊन बी.ए. झालो, मग बी.एड. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. पदवीचा कागद घरी आणला तेव्हा वहिनीने हात पदराला पुसले, कागद धरला आणि विचारलं, "यात तुजं नाव कंच्या वळीत हाय?" ती चौथीपर्यंत शिकलेली होती, पण कागद इंग्रजीत होता. मी ओळ दाखवली. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

पनवेलमधल्या एका शाळेत मला इतिहासाच्या शिक्षकाची जागा मिळाली. तात्पुरती. ती कायम करायची की नाही हे संस्थेचे अध्यक्ष ठरवणार होते. अध्यक्ष डॉक्टर होते. शहरात त्यांचा जुना दवाखाना होता, आणि एक सांस्कृतिक मंडळही होतं, त्याचेही अध्यक्ष तेच. फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षं झाली त्या वर्षी डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, "सर, तुम्ही इतिहासवाले. आपण या वर्षी फ्रान्सचं वर्ष साजरं करतोय. तुम्ही मंडळात यायचं." ही विनंती नव्हती.

मी आनंदाने गेलो, खोटं कशाला बोलू. फ्रेंच राज्यक्रांती हा माझा कॉलेजातला सगळ्यात आवडता विषय होता. राजाने मिठावर कर बसवला होता, आणि घरात लागो न लागो, सरकारी कोठारातलं मीठ विकत घ्यावंच लागे, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खाडीकडे बघत बसलो होतो. इतक्या लांबच्या देशाच्या इतिहासात आमच्या घरातली वस्तू निघाली होती. त्या पुस्तकांचे माझ्यावर उपकार आहेत. ती ज्यांनी चघळली त्यांचा राग मी पुस्तकांवर काढणार नाही.

मंडळात दर पंधरवड्याला वाचन असे. कोणीतरी एखाद्या जाडजूड फ्रेंच कादंबरीच्या मराठी अनुवादातली पानं वाची, आणि बाकीचे हळहळत. हळहळण्यात त्या लोकांचा हात धरणारा कोणी नव्हता. पॅरिसच्या गल्लीत एखादं पोर थंडीने कुडकुडलं की दोन-तीन रुमाल बाहेर येत. सगळ्यात सुंदर हळहळत ते वकीलसाहेब, मंडळाचे नाटककार आणि दिग्दर्शक. चष्मा काढून डोळे मिटत, आणि म्हणत, "काय सोसलंय हो त्या लोकांनी." त्यांची वकिली जमिनीच्या मोबदल्याच्या दाव्यांवर चालत होती. नव्या शहरासाठी सरकारने आमच्या भागातली गावंच्या गावं घेतली होती, आणि त्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांची वकीलपत्रं त्यांच्या कपाटात होती. त्या कपाटाकडे बघून मात्र त्यांनी कधी चष्मा काढलेला मी पाहिला नाही.

मग सिनेमा झाला. पुण्याहून एका जुन्या कृष्णधवल फ्रेंच सिनेमाची रिळं आणायची ठरली. ज्या दिवशी दाखवायचा त्याच दिवशी पुण्याच्या रस्त्यावर पळस्प्याला आमच्याकडच्या शेतकऱ्यांनी रस्ता अडवला. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात घरापुरता तरी तुकडा द्या, एवढीच मागणी. रिळं घेऊन येणारी गाडी त्यात अडकली. हॉलमध्ये मंडळी बसून कंटाळली.

"ह्यांना काही काळवेळ?" वकीलसाहेबांच्या बायकोने म्हटलं. त्यांना सगळे वकीलीणबाई म्हणत. गाण्याच्या विशारद होत्या आणि मंडळाच्या नाटकातली मुख्य भूमिका त्यांचीच असे. "शनिवारच सापडला यांना!"

"अहो, यांना फूस असते कोणाची तरी," डॉक्टर म्हणाले. "स्वतःचं डोकं कुठे असतं? पैसे मिळाले की मोटारसायकल घेतात आणि दारू पितात."

"दोन लाठ्या घातल्या की रस्ता मोकळा," मागून कोणीतरी म्हणालं, आणि हसू पिकलं.

शेवटी गाडी आली. दिवे गेले. पडद्यावर पॅरिसचे भुकेले लोक तुरुंगाचा दरवाजा फोडू लागले, आणि माझ्या शेजारी बसलेले डॉक्टर टाळ्या वाजवू लागले. खऱ्या, जोरदार टाळ्या. मी अंधारात त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नव्हता. लाज वाटायला दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवाव्या लागतात, आणि या माणसांनी त्या आयुष्यभर वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या होत्या.

यानंतर संगीत नाटक. ठाण्याला हौशी मंडळांची स्पर्धा होती आणि त्यासाठी वकीलसाहेबांनी फ्रेंच राज्यक्रांतीवर तीन अंकी नाटक लिहिलं. मी त्यांना मिठाच्या कराबद्दल सांगितलं होतं. ते फार खूश झाले आणि त्यांनी त्यावर पद रचलं. पहिल्या अंकात पॅरिसमधली एक उपाशी आई रस्त्यावर उभी राहून राजाला मीठ मागते, यमनमध्ये. हे मागणं पाव तास चालायचं. तानांवर ताना. जिला सकाळपासून तुकडा मिळालेला नाही तिच्या अंगात इतका दम कुठून येतो, असं मी एकदा भीत भीत विचारलं. वकीलसाहेब म्हणाले, "सर, तुम्ही तारखा सांभाळा."

तालमी रंगल्या आणि कपड्यांचा प्रश्न आला. राजाराणीचे कपडे मुंबईहून भाड्याने येणार होते. गरिबांचे कुठून आणायचे?

"भाड्याच्या कपड्यांत ती गरिबी येत नाही," वकीलसाहेब म्हणाले. "मला खरे कपडे हवेत. घामाचे. फाटके. बाया नऊवारी नेसू देत, वर एक ओढणी टाकू, लांबून चालून जातं." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "सर, तुमच्याकडे मिठागराचंच काम ना? मग झालंच की!"

मी म्हणालो, फ्रान्समधल्या बाजारपेठेतल्या ज्या बायका राजाच्या वाड्यावर चालून गेल्या त्या काही चिंध्या पांघरून गेल्या नव्हत्या, कामकरी बायका होत्या, अंगावर धड कपडे होते. वकीलसाहेबांनी हात हलवला. "प्रेक्षकाला गरीब दिसला पाहिजे, सर. धड कपड्यातल्या गरिबासाठी कोण रडतं?"

सबंध वर्षात त्या माणसाच्या तोंडून निघालेलं हे एकच खरं वाक्य मी ऐकलं.

त्या रविवारी घरी गेलो आणि वहिनीला सांगितलं, मंडळाचं नाटक आहे, गरीब माणसांचे कपडे पाहिजेत, जुने, फाटके.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. जत्रेला गावात नाटक व्हायचं. बायकांची कामं पुरुषच करत, आणि त्यांना नेसायला लुगडी घराघरांतून जात. जे घर आपलं चांगल्यातलं चांगलं लुगडं देईल त्या घराचा मान. नाटक म्हणजे देवाच्या दारातली गोष्ट. तिथे कोणी जुनं देत नाही. दुसऱ्या दिवशी ते लुगडं घडी करून, वर नारळ ठेवून घरी परत येई. इतक्या वर्षांत एकाही लुगड्याला साधा खोंबारा लागलेला कोणी ऐकला नव्हता.

तेव्हा वहिनी हसली. "जुनं कोन देतं रं नाटकाला? शिकून डोस्का फिरला का तुजा?"

"अगं वहिनी, त्यांना तसंच हवंय. गरीब दाखवायचेत."

"दाखवतील का आपल्याला गरीब? तुजी शाला त्यांची हाय. तुज्या घरच्यांनी चिंध्या दिल्या असं बोलतील त्या बाया." आणि तिने गल्लीतल्या तीन घरांत निरोप धाडला. संध्याकाळपर्यंत ओटीवर स्वच्छ धुतलेल्या, नीट घड्या घातलेल्या लुगड्यांचा ढीग झाला. सगळ्यात वर तिने पेटीतून काढून ठेवलं ते आईचं लुगडं. हिरवं, लाल काठाचं.

ते माझ्या आईने भावाच्या हळदीला नेसलं होतं आणि लग्न लागून वहिनी घरात आली तेव्हा तिच्या अंगावर घातलं होतं. आईची घरात तेवढीच वस्तू उरली होती. येत्या वैशाखात पुतणीचं लग्न ठरलं होतं. तिच्या हळदीला वहिनी ते नेसणार होती आणि मग तिला देणार होती. मी ते ढिगातून काढलं. तिने परत ठेवलं. मी परत काढलं.

"ठेव बोलते ना," ती म्हणाली. "दुसऱ्यांचं मागितलं मी. माजं चांगलं घरात ठेवून लोकांचं देऊ? उद्या गल्लीतून कशी जाऊ?"

सोमवारी गाठोडं घेऊन मी वकीलीणबाईंकडे गेलो. कपडेपट त्यांच्याकडेच होता. हे कपडे चांगले आहेत, तुम्हाला हवेत तसे नाहीत, चालणार नसतील तर आत्ताच परत नेतो, असं मी स्पष्ट सांगितलं. हिरवं लुगडं वेगळं दाखवलं, कोणाचं आहे आणि कशासाठी ठेवलेलं आहे तेही सांगितलं. त्यांनी काठावरून बोट फिरवलं. "अय्या, किती गोड रंग आहे! हे मीच नेसेन. तुम्ही अजिबात काळजी करू नका हं सर."

रंगीत तालमीच्या दिवशी शाळा सुटल्यावर हॉलवर गेलो. रंगपटात जमिनीवर एक घमेलं होतं आणि त्यात चहाचं काळं पाणी. शेजारी कात्री, दाढीचं पातं आणि खडबडीत दगड. गल्लीतल्या बायकांची लुगडी त्या पाण्यात बुडवून दोरीवर टाकली होती. आणि वकीलीणबाई आरशासमोर आईचं लुगडं नेसून उभ्या होत्या. हिरव्यावर चहाचे डाग. पदर उभा फाडलेला. खालचा घेर कात्रीने दातेरी कापलेला. गुडघ्यापाशी पात्याने पाडलेली भोकं, त्यांच्या कडा दगडाने घासून विरवलेल्या.

"बघा सर!" वकीलसाहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "दोन दिवस लागलो होतो. आता कशी गरिबी आली!"

मी काय बोललो ते मला आठवत नाही. मोठ्याने बोललो, एवढं आठवतं, कारण पेटीवाला वाजवायचा थांबला.

"अहो, एक जुनं लुगडं," वकीलीणबाई म्हणाल्या. त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. "मी म्हटलं, तुमच्याकडे ही असतातच की."

डॉक्टर आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, कलेत थोडं असं होतं. आपण नवीन घेऊन देऊ, ह्याच्यापेक्षा भारी. आणि आवाज जरा जपा. तुमचा कायमचा प्रस्ताव ह्याच टर्ममध्ये आहे माझ्यासमोर." हे सांगताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. डॉक्टर माणूस, सुई टोचताना हात ठेवायची सवय.

मी तसाच शेवटची एस्टी पकडून घरी गेलो आणि वहिनीला सगळं सांगितलं. ती उठली. ताट वाढलं. मी जेवत असताना म्हणाली, "नाटक कवा हाय?"

"शनिवारी, पनवेलला."

"मना बगायचंय."

कपडे देणाऱ्यांसाठी मंडळाने शेवटच्या रांगेचे पास ठेवले होते. वहिनी आली, आणि बरोबर शेजारची काकू आली. काकूचंही एक लुगडं त्या चहात बुडालं होतं. मी त्यांच्यामधे बसलो. पडदा वर गेला. वकीलीणबाई ठिगळाठिगळाच्या पॅरिसमध्ये उभ्या राहिल्या आणि मीठ मागू लागल्या. वहिनी खुर्चीत पुढे सरकून बसली. तिची नजर गाण्याकडे नव्हती. ती फक्त काठ शोधत होती.

हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. काकूने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "काय मागतेय ती?"

"मीठ."

"मंग कोन देत नाय का? कवाधरनं आराडतेय." थोड्या वेळाने पुन्हा, "बांगड्या बग तिच्या. उपाशी हाय बोलतोस ना?" खरंच, बाईंनी सोन्याच्या पाटल्या काढल्या नव्हत्या. मला त्या सगळ्या काळात आलेलं ते एकमेव हसू.

तिसऱ्या अंकात गरीब जिंकले. राजाचं डोकं उडालं, ते विंगेत. समूहगीत झालं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. टाळ्या थांबायच्या आत वहिनी उठली आणि बाजूच्या दाराने आत गेली. मी आणि काकू मागे.

रंगपटात पेढे वाटणं चाललं होतं. वहिनी वकीलीणबाईंसमोर उभी राहिली. "ताई, नाटक झालं. लुगडं द्या."

"कोण आपण?"

"लुगडं माजं हाय."

"हो का? अहो, फार मदत झाली हं तुमची! पण उद्या ठाण्याला स्पर्धा आहे ना. परवा सरांबरोबर पाठवते."

"परवा नाय. आताच."

"असं काय करता? मी उद्या काय नेसू?"

"तुमच्या घरात असंल ना एकादं," काकू म्हणाली. "तेला फाडा."

कोणीतरी फिसकन हसलं. वकीलसाहेब पुढे आले. वहिनीकडे न बघता मला म्हणाले, "सर, तुमच्या माणसांना जरा समजवा. काय तमाशा लावलाय."

"माझी वहिनी आहे ती," मी म्हणालो. "ती बरोबर बोलते आहे. लुगडं द्या."

वहिनीने तोवर खाली बसकण मारली होती. घमेल्याशेजारी, मांडी घालून. "लुगडं सोडा सावकाश. मी बसलेय." ती मोठ्याने बोलली नाही. मिठागरावर जेवणाच्या सुट्टीत बसते तशी बसली होती, आणि तिला तिथून उठवायची कोणाची हिंमत झाली नाही. डॉक्टर दारात आले, आत बघितलं आणि आले तसे मागे फिरले. पेढे वाटणाऱ्याच्या हातात खोका तसाच राहिला. थोड्या वेळाने वकीलीणबाई पडद्यामागे गेल्या, आणि पडद्यावरून लुगडं बाहेर फेकलं गेलं. "घ्या ती चिंधी!"

वहिनीने ते उचललं. "चिंधी तुमी केली, ताई. आमी दिलं तवा लुगडं व्हतं." मग तिने तिथेच उभं राहून, फाटक्या टोकाशी फाटकं टोक जुळवून, त्याची घडी घातली. सगळी खोली बघत होती. इतक्या सावकाश घातलेली घडी मी आयुष्यात पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला वकीलीणबाई दुसरं काहीतरी फाडून नेसल्या. नाटकाला वेशभूषेचं बक्षीस मिळालं. ते स्वीकारताना वकीलसाहेबांनी "आमच्या स्थानिक बांधवांचे" आभार मानले, असं मला शाळेच्या शिपायाने सांगितलं. काकूची आणि बाकीच्यांची लुगडी परत आली. चहाचे डाग घेऊन, न धुता, पोत्यात कोंबून.

मला वाटलं, संपलं. पण या लोकांना दुसऱ्याचा अपमान करून थांबता येत नाही. त्यांना वर त्याच्याकडूनच माफीही हवी असते. फेब्रुवारीत डॉक्टरांनी बोलावलं. माझ्या नेमणुकीचा कागद टेबलावर होता, सही राहिली होती. "झालं गेलं विसरू, सर. मंडळाला दोन ओळींचं दिलगिरीचं पत्र द्या, उद्याच सही करतो. वहिनींना मी एक साडी पाठवलीय. चांगली, जरीची. हळदीला तीच नेसू देत, म्हणजे सगळ्यांनाच कळेल की आपल्यात काही तेढ नाही. आम्हीही येऊ हळदीला. वकीलसाहेबांना तुमच्याकडची हळदीची गाणी टेप करायची आहेत. पुढचं नाटक आता लोककलेवर घेतोय."

मी घरी गेलो तर साडी खरंच येऊन पडली होती. वहिनीने ती खोक्यातच ठेवली होती. आईचं लुगडं पेटीच्या तळाशी होतं.

"मी नेसणार ही," ती म्हणाली. तिने सगळं ठरवून टाकलं होतं. "डाक्टर बगंल, खूश व्हईल, सही करील. एक दिवस नेसले तर माजं काय जातं? तू पन दे लिवून दोन वळी. पर्मनंट झालास की मंग कुनाला घाबरायचं नाय."

"आणि आईचं?"

"त्याचं आता काय रायलंय?" एवढं बोलून ती चुलीकडे गेली. तिने आयुष्यभर माझ्यासाठी पाट्या वाहिल्या होत्या. ही तिला त्यातलीच एक वाटत होती. समोर बसून वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्या घरात वादात ती कधी हरलेली नव्हती. मी पनवेलला परत आलो, करायचं ते केलं, आणि तिला पत्र लिहिलं. घर एस्टीने तासाभराच्या अंतरावर, तरी पोस्टाने पाठवलं. ते असं:

वहिनी,

हे तूच वाच. पोरीकडून वाचून घेऊ नकोस, ती भराभर वाचते आणि मधलं गाळते. मी अक्षर मोठं काढलं आहे. चुलीपाशी नको, ओटीवर उजेडात बसून वाच.

मी आज शाळेचा राजीनामा दिला. माफीचं पत्र दिलं नाही. रागाच्या भरात केलेलं नाही. महाडच्या पलीकडे एका शाळेत जागा होती, तिथे आधी जाऊन आलो. त्यांनी जूनपासून ये म्हणून सांगितलं. तिथेही सुरुवातीला तात्पुरतंच आहे. पण तिथले अध्यक्ष नाटकं बसवत नाहीत, हे मी विचारून घेतलं.

तू म्हणालीस, एक दिवस नेसले तर माझं काय जातं. काय जातं ते तुला कळत नव्हतं असं नाही. तू जाणूनबुजून द्यायला निघाली होतीस. मिठागरावर माझ्यासाठी खपलीस ते मी घेतलं, कारण मला शिकायचं होतं आणि दुसरा मार्ग नव्हता. हे मी घेणार नाही. आता ती नोकरीच राहिली नाही, तेव्हा ती साडी नेसून कोणाला खूश करायचं कारण उरलं नाही. खोक्यात घालून ठेव, मी परत पोचवतो.

ते हळदीला येतील की नाही सांगता येत नाही. दारात आलेल्या माणसाला तू परत पाठवणार नाहीस, मला ठाऊक आहे. येऊ देत, जेवू देत. पण टेपरेकॉर्डर घेऊन मांडवात बसू देऊ नकोस. तुला बोलायला जमलं नाही तर काकूला सांग. तिला जमेल.

आता लुगड्याचं. मागच्या खेपेला तू मिठागरावर गेलीस तेव्हा मी पेटी उघडून ते नीट पाहिलं. रागावू नकोस. पदर गेला आहे आणि खालचा घेर गेला आहे. मधला भाग बराचसा धड आहे आणि एका बाजूचा काठ पूर्ण आहे. मी इथल्या शिंप्याशी बोललो. तो म्हणाला, त्याच हिरव्या रंगाचं कापड लावून नऊवारी पुरी करता येईल, पण जोड दिसेल. मी म्हटलं, दिसू दे. काय झालं ते साऱ्या गावाला माहीत आहे, आपल्याला झाकायचं काही नाही. चहाचे डाग जाणार नाहीत. पण हळदीच्या दिवशी त्यावर हळदच पडणार आहे.

तू ते नेस. नंतर पोरीला द्यायचं की नाही ते तुम्ही दोघी ठरवा. ती नको म्हणाली तर तिला बोलू नकोस.

रविवारी दुपारच्या गाडीने येतो आणि लुगडं घेऊन सोमवारी परत येतो. शिंप्याला नऊवारीची सवय नाही, तेव्हा लांबीरुंदीला दाखवायला तुझं रोजचं एक लुगडंही काढून ठेव.